शिक्क्याआधीचं वाचन

निलंग्यातल्या वकिलाकडे परदेशातली कामं येतात म्हटलं की बाहेरच्या माणसाला नवल वाटतं. आम्हाला आता त्याचं काही वाटत नाही. इथल्या फार्मसी कॉलेजात शिकलेली पोरं अमेरिका-इंग्लंडात स्थिरावली आहेत. आसपासच्या गावांतली कितीतरी माणसं आखातात ड्रायव्हर, मेकॅनिक, गवंडी म्हणून राबताहेत. अलीकडे जर्मनीला शिकायला जाणारी मुलंही दिसतात. माणूस तिकडे जातो, पण त्याचा गट नंबर इथेच राहतो. सातबाऱ्यावरचं नाव, वडिलांच्या माघारी करायचा फेरफार, बहिणीचा हिस्सा, आईची पेन्शन, स्वतःच्या जन्माचा पुरावा हे सगळं निलंगा तालुक्यात, आणि ज्याची सही हवी तो माणूस हजारो मैलांवर. ती सही कायद्याला चालेल अशा रीतीनं इथं कशी आणायची, हा प्रश्न माझ्या टेबलावर सतत असतो.

मी इथल्या न्यायालयात वकिली करते आणि नोटरी म्हणूनही काम पाहते. या कामात एक गोष्ट मनाशी पक्की झाली आहे. शिक्का सहीची खात्री देतो, समजुतीची नाही. सही कुणी केली हे सांगायला नोटरी आहे, वकिलात आहे, अपोस्टिल आहे. सही करणाऱ्याला कागद कळला होता का, हे बघण्याची जबाबदारी मात्र बहुतेक वेळा कुणाचीच नसते. ती कुणीतरी घ्यायला हवी, आणि माझ्या मते ती कागद लिहिणाऱ्यानं घ्यायला हवी.

सुरुवात बहुतेकदा एकाच विनंतीनं होते. "मॅडम, भावानं सही करूनच धाडलंय कुरिअरनं. तुमचा तेवढा गोल शिक्का पाहिजे."

"भाऊ कुठं आहेत?"

"दुबईला. व्हिडिओ कॉल लावतो की, तोंड बघा त्याचं."

नोटरी कायदा १९५२ चा आणि त्याचे नियम १९५६ चे. त्या नियमांप्रमाणे माझ्याकडे रजिस्टर असतं. कागदावर सही करणारा माणूस माझ्यासमोर बसतो, ओळखीचा पुरावा दाखवतो आणि माझ्या रजिस्टरातही सही किंवा अंगठा करतो. दुबईतला माणूस माझ्या रजिस्टरात सही कशी करणार? अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यानं २०१२ पासून पडद्यावरून नोटरी करण्याची सोय केली, पुढे तिथल्या बऱ्याच राज्यांनी ती उचलली. आपल्या कायद्यात तशी सोय नाही. म्हणून मी नाही म्हणते. समोरचा नाराज होतो, कधी शेजारच्या तालुक्यात जाऊन शिक्का मिळवण्याची भाषा करतो. त्याला मी एवढंच सांगते, की असा कागद चार दिवस चालेल, पण उद्या चुलत्यानं दावा टाकला आणि भावाच्या पासपोर्टवरून तो त्या तारखेला दुबईत होता हे कोर्टात दिसलं, तर जमिनीचा व्यवहार तर जाईलच, भाऊही अडचणीत येईल.

खरा रस्ता नोंदणी कायदा १९०८ च्या कलम ३३ मध्ये आहे. दुय्यम निबंधकापुढे दुसऱ्याच्या वतीनं दस्त नोंदवायला उभं राहायचं तर मुखत्यारपत्र कुणासमोर झालेलं असावं, हे ते कलम सांगतं. माणूस पुण्यात राहत असेल तर त्याला तिथल्या निबंधकापुढेच जावं लागतं, नुसती नोटरी पुरत नाही. पण तो भारतात राहतच नसेल, तर तिथल्या नोटरी पब्लिकसमोर, न्यायालयासमोर किंवा भारतीय वकिलातीतल्या अधिकाऱ्यासमोर केलेलं मुखत्यारपत्र चालतं. परदेशी असलेल्या माणसाची अडचण कायद्यानं एवढी तरी ओळखली आहे.

त्यातून दोन वाटा निघतात. पहिली भारतीय दूतावासाची. १९४८ च्या एका कायद्यानं आपल्या वकिलातींतल्या अधिकाऱ्यांना नोटरीची कामं करण्याचा अधिकार दिला आहे, आणि त्यांच्या सही-शिक्क्याचा कागद वेगळ्या पुराव्याशिवाय ग्राह्य धरला जातो. दुसरी वाट अपोस्टिलची. १९६१ च्या हेग कराराप्रमाणे एका देशात साक्षांकित झालेल्या कागदाला त्या देशाच्या ठरलेल्या कार्यालयानं अपोस्टिल लावलं, की करारातल्या दुसऱ्या देशानं तो पुन्हा वकिलातीत न धाडता मानायचा. भारतात हा करार १४ जुलै २००५ पासून लागू आहे. अमेरिकेत ज्या राज्यात नोटरी केली त्याच राज्याकडून अपोस्टिल घ्यावं लागतं. चीन २०२३ मध्ये आणि कॅनडा २०२४ मध्ये करारात आला, त्यामुळे टोरोंटोतल्या पोराला आता दोन वाटांतून एक निवडता येते. सौदी अरेबिया २०२२ पासून आहे, ओमान त्याच्या दहा वर्षं आधीपासून. जर्मनी करारात असूनही तिनं भारताच्या बाबतीत आक्षेप नोंदवलेला असल्यामुळे त्या दोन देशांमध्ये अपोस्टिलचा उपयोग होत नाही. तिथल्या मुलांना मी सरळ बर्लिनचा दूतावास किंवा फ्रँकफर्ट, म्युनिक, हॅम्बुर्गची वकिलात गाठायला सांगते.

कागदावर हे सोपं दिसतं. आखातात कामाला असलेल्याला मात्र ते तसं नसतं. दूतावास राजधानीत आणि हा वाळवंटातल्या एखाद्या कॅम्पवर. तिकडे जायचं तर रजा हवी, रजेचा पगार कापला जाणार, आणि काही ठिकाणी पासपोर्टच मालकाकडे ठेवलेला. एका सहीसाठी तो महिनाभर थांबतो आणि इकडे घरचे समजतात, याच्या मनात काहीतरी आहे, म्हणून टाळतोय. भावाभावांतला असा कडूपणा मी पाहिला आहे. अशा वेळी मी घरच्यांना बसवून सांगते, की तुमचं पोरगं टाळत नाही, त्याला पोचता येत नाही.

आता समजुतीचा मुद्दा. अमेरिकेतला नोटरी बहुधा वकील नसतो. बँकेत, कुरिअरच्या दुकानात बसलेला साधा कर्मचारी असतो. तो ओळखपत्र बघतो, सही समोर झाली एवढं लिहितो. कागदाचा अर्थ सांगणं त्याचं काम नाही, तसा सल्ला द्यायला त्याला मनाईच आहे. आमच्या मराठी मसुद्यातलं तर त्याला अक्षरही कळत नाही. इंग्लंडमध्ये नोटरी मोजके, बहुतेक मुरलेले कायदेतज्ज्ञ, आणि त्यांची नेमणूक आजही कँटरबरीच्या आर्चबिशपच्या कार्यालयाकडून होते, कारण पोपकडचा तो अधिकार सोळाव्या शतकात तिकडे आला. हा नोटरी समोरच्याला विचारतो, की हा कागद कशाचा आणि तुम्हाला तो मान्य आहे का. जर्मनी सगळ्यांच्या पुढे आहे. तिथं जमिनीच्या खरेदीसारखा दस्त नोटरीनं पक्षकारांसमोर मोठ्यानं वाचून दाखवायचा, असा कायदाच आहे. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. आपल्याकडे जुन्या दस्तांच्या शेवटी 'वाचून दाखविले, समजले, मान्य आहे' असं लिहायची रीत आहेच. ओळ अजून टिकून आहे, पण ती लिहिण्याआधी वाचन होतंच असं नाही.

इंग्लंडमध्ये रुग्णालयात नोकरी करणाऱ्या एका बाईचं काम माझ्याकडे आलं ते तिच्या धाकट्या भावाकडून. वडील वारले होते. वारसाचा फेरफार करायचा होता आणि वाटणी नोंदवायची होती. भावानं कुठूनतरी छापील मसुदा आणला होता, भरघोस. विक्री, गहाण, दान, बक्षीस, तारण, दावे दाखल करणं, तडजोड करणं, पैसे स्वीकारणं, सगळे अधिकार त्यात होते. भावाच्या मनात काळंबेरं नव्हतं. त्याला वाटत होतं, एकदाच सगळं लिहून घेतलं की बहिणीला पुन्हा त्रास नको.

मी म्हटलं, "ताईंना फोन लावा. मी वाचते, त्या ऐकतील."

ती रात्रपाळी करून आली होती. अंगावर रुग्णालयाचाच गणवेश, मागं स्वयंपाकघराची छोटी खिडकी. मी एकेक कलम वाचत गेले आणि प्रत्येक कलमानंतर थांबले. विक्रीच्या कलमाशी ती म्हणाली, "वकीलबाई, इथं थांबा. मला विकायचं नाही. माझ्या वाटणीला येईल ते माझ्या नावानं राहू द्या." भाऊ एकदम म्हणाला, "आक्का, मी कुठं विकायलोय?" ती शांतपणे म्हणाली, "तू नाही विकणार रे. पण कागदात कशापायी पाहिजे मग?"

त्या प्रश्नाला उत्तर नव्हतं. आम्ही नवीन मसुदा केला, जेमतेम दीड पानाचा. कोणता गट, किती हेक्टर किती आर, तलाठ्याकडे आणि मंडळ अधिकाऱ्याकडे वारसनोंदीचा अर्ज, दुय्यम निबंधकापुढे वाटणीपत्र नोंदवणं, एवढंच. त्याखाली स्पष्ट ओळ टाकली, की विक्री, गहाण किंवा हक्कसोड करण्याचा अधिकार यात नाही. शेवटी तिनं सांगितलं, "गट नंबर एकदा परत वाचा." मी सातबारा हातात धरून वाचला, तिनं तिकडे वहीत लिहून घेतला. तिथल्या नोटरीनं विचारल्यावर हा कागद कशाचा, हे तिनं तिच्या इंग्रजीत नीट सांगितलं. हे तिनं मला नंतर फोनवर कळवलं आणि तिच्या आवाजातला भरवसा मला जाणवला.

परदेशी गेलेल्या मुलींच्या बाबतीत मी जास्त सावध असते, हे उघडच सांगते. महाराष्ट्रानं १९९४ मध्येच मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत जन्मानं हक्क दिला, केंद्राचा कायदा २००५ मध्ये आला, आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं उरलेला संभ्रमही दूर केला. तरी गावात अजून बहिणीची सही 'घ्यायची' असते, बहिणीला विचारायचं नसतं. लांब असलेल्या बहिणीला तर फोनवर एवढंच सांगितलं जातं, की कागद धाडलाय, सही करून पाठव. हक्कसोडपत्र करण्यात गैर काही नाही. पुष्कळ बहिणी समजून उमजून, भावाच्या मायेनं हक्क सोडतात. तो त्यांचा निर्णय आहे आणि त्याचा मान ठेवायला हवा. पण आपण किती जमीन सोडतोय, कोणत्या गटातली सोडतोय, हे तिला माहीत असलं पाहिजे. म्हणून हक्कसोडीसाठी मुखत्यारपत्र असेल तर ज्या भावाच्या नावे हक्क सुटतोय त्याच भावाला मुखत्यार करू नका, असा माझा आग्रह असतो. दुसरा कुणी विश्वासातला माणूस नेमा, आणि बहिणीशी माझं बोलणं भाऊ समोर नसताना होऊ द्या.

मुखत्यारपत्र आखूड असावं याला आणखीही कारणं आहेत. २०११ मध्ये सूरज लॅम्प खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं बजावलं, की नुसत्या मुखत्यारपत्रानं मालकी बदलत नाही, त्याला नोंदणीकृत खरेदीखतच लागतं. लिहून देणारा वारला की मुखत्यारपत्रही संपतं. त्यामुळे दस्त नोंदवताना मुखत्याराला दुय्यम निबंधकापुढे घोषणापत्र द्यावं लागतं, की लिहून देणारा हयात आहे आणि त्यानं हे मुखत्यारपत्र रद्द केलेलं नाही. खोटं लिहिलं तर सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. मुद्रांकातही फरक पडतो. आई-वडील, भाऊ, बहीण, नवरा-बायको अशा जवळच्याला मोबदला न घेता विक्रीचा अधिकार दिला तर पाचशे रुपये शुल्क. परक्याला तोच अधिकार दिला तर खरेदीखताइतकं शुल्क बसतं.

नावांची अडचण तर पाचवीलाच पुजलेली. निलंगा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्याच्या बीदर जिल्ह्यात होता. जुनी कागदपत्रं उर्दूत, मग मराठीत आली, आणि सातबाऱ्यावर आजही नावापुढे 'पि.' म्हणजे पित्याचं आणि 'भ्र.' म्हणजे भ्रताराचं नाव लागतं. सातबाऱ्यावर बाई 'सुनीता भ्र. माधव' असते, शाळेच्या दाखल्यावर माहेरच्या आडनावानं असते आणि पासपोर्टवर सासरच्या. कुणाचं आडनाव पाटील, पासपोर्टवर गावावरून पडलेलं. परदेशातून आलेला कागद पासपोर्टवरच्या नावानं असतो आणि इथला कारकून म्हणतो, ही बाई ती नव्हेच. म्हणून मसुद्यात पहिल्याच परिच्छेदात सगळी नावं एकत्र लिहायची, पासपोर्टचा नंबर घालायचा आणि दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचं शपथपत्र सोबत करून घ्यायचं. तिकडून एकाच फेरीत दोन्ही कागदांवर शिक्का होतो.

कागद निघताना आणि पोचतानाही काळजी लागते. परदेशात आपला मुद्रांक मिळत नाही, म्हणून मसुदा साध्या कागदावर छापायचा. प्रत्येक पानावर सही, फोटो चिकटवून त्यावरून सही, दोन साक्षीदार. मूळ कागद कुरिअरनं आला की ते पाकीट जपून ठेवायचं. परदेशात झालेला दस्त राज्यात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरायचं असतं, आणि तो कधी पोचला याचा पुरावा म्हणजे त्या पाकिटावरची तारीख. लोक कागद काढून घेतात आणि पाकीट चुलीत घालतात. माझ्याकडे फायलीत मूळ दस्ताच्या मागं पाकीट टाचलेलं असतं, लातूरच्या मुद्रांक कार्यालयात मी ते पहिलं दाखवते.

मुखत्यारपत्राखेरीज आणखीही कागद असतात. हयातीच्या दाखल्याचं काम २०१४ पासून जीवन प्रमाण या ऑनलाइन सोयीमुळे हलकं झालं. लेकीच्या बाळंतपणाला गेलेल्या पेन्शनर आईबापाला आता नोव्हेंबरात धावपळ कमी होते. इथून तिकडे जाणाऱ्या जन्माच्या पुराव्याचं काम मात्र अजून अवघड आहे. अमेरिकेत कायमच्या वास्तव्यासाठी अर्ज केलेल्या मुलाचा जन्म नोंदलेला नसला, तर जन्म माहीत असलेल्या वडीलधाऱ्यांची शपथपत्रं लागतात. मसुदा तिकडच्या वकिलाकडून इंग्रजीत येतो.

असाच एक मसुदा घेऊन एक म्हातारी आई नातवासोबत आली. नातू म्हणाला, "आज्जीचा अंगठा घ्या, झालं." मी आजींना शेजारच्या खुर्चीवर बसवलं आणि इंग्रजी कागद मराठीत सांगत गेले. त्यात लिहिलं होतं, की मुलाचा जन्म निलंग्यात रुग्णालयात झाला.

आजी म्हणाल्या, "दवाखाना कुठला बाई तवा. माहेरी घरीच झालं. सुईण होती."

"कोणत्या साली?"

"भूकंपाच्या आधी दोन पावसाळे. लेकरू चालायलं होतं भूकंपात, मी कडेवर घेऊन अंगणात आले."

आमच्या भागात काळ असाच मोजतात. ३० सप्टेंबर १९९३ ची ती पहाट किल्लारीपासून जवळच्या प्रत्येक घरात तारीख बनून राहिली आहे. शाळेचा दाखला काढला, साल बरोबर जुळलं, गावही माहेरचंच निघालं. शपथपत्रात रुग्णालय तसंच राहिलं असतं तर शाळेच्या दाखल्याशी विसंगती पडली असती आणि परदेशातला अधिकारी त्याला खोटं म्हणाला असता. मसुदा दुरुस्त करून मागवला. खाली मराठीत लिहिलं, की मजकूर आजींना मराठीतून वाचून दाखवला, त्यांनी तो मान्य केला. मग त्यांनी माझ्या रजिस्टरात अंगठा केला. पुढे तो कागद मंत्रालयातून साक्षांकित होऊन परराष्ट्र मंत्रालयाच्या अपोस्टिलला गेला. त्या साखळीत पुढचा प्रत्येक शिक्का आधीच्या सहीची खात्री करत गेला. मुलगा कुठं जन्मला, हे विचारणारं माणूस त्या सगळ्या साखळीत फक्त पहिल्या कडीला होतं.

म्हणून परदेशात राहणाऱ्या आपल्या भावाबहिणींना माझं कळकळीचं सांगणं आहे. घरून कागद आला की आधी मसुदा ज्यानं लिहिला त्या वकिलाचा फोन नंबर मागा. त्याच्याकडून संपूर्ण कागद ऐकून घ्या, सातबारा समोर ठेवा, गट नंबर ताडून बघा. या कागदानं मी काय देतोय आणि काय माझ्याकडे राहतंय, हे दोन वाक्यांत स्वतःला सांगता आलं तरच वकिलातीची वेळ ठरवा. नको असलेलं कलम खोडायला सांगणं हा भावावरचा अविश्वास नाही. उलट पुढच्या पिढीत त्या कलमावरून भांडण होऊ नये म्हणून केलेली ती सोय आहे.

आणि माझ्या व्यवसायबंधूंना आणि भगिनींना सांगायचं ते असं. जर्मनीनं जे कायद्यात लिहिलं, ते आपण सवयीनं करू शकतो. दीड पानाचा मसुदा चहा संपायच्या आत वाचून दाखवून होतो. परदेशातला नोटरी तो वाचणार नाही, वकिलातीच्या खिडकीवरच्या माणसाला तेवढी सवड नाही, अपोस्टिल लावणाऱ्याला मराठी येत नाही. लांबच्या माणसाला त्याचा कागद समजावणारं आपल्याशिवाय कुणी नसतं, आणि फी आपण त्याच कामाची घेतो.